घरचाच बोकड किती पिढ्या चालवायचा?

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा: आजोबांच्या 40 शेळ्या होत्या, रोज चरायला न्यायचे. वडील नोकरीला लागले, कळप कमी होत होत 7 वर आला, आता त्या बांधूनच असतात. मला नोकरी सोडून हेच करायचंय, एकदम 50 शेळ्या आणू का? आणि हल्ली करडं बारीक जन्मतात, काही दगावतात, असं का होतंय? बोकड घरचाच आहे.

दादा, करडांचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. आजोबांच्या शेळ्या चरायला जायच्या तिथं दुसऱ्यांचेही कळप यायचे, कुणाचा ना कुणाचा बोकड लागायचा आणि रक्त आपोआप बदलत राहायचं, त्यासाठी कुणाला मुद्दाम काही करावं लागत नव्हतं. आता 7 शेळ्या दावणीला आणि बोकड त्यांच्यातच जन्मलेला, म्हणजे तो आईला, बहिणीला आणि पुढं स्वतःच्याच पाटींना, म्हणजे तरण्या लेकींना लागतोय. बाप-लेकीच्या करडात इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातला संकर, 25 टक्के धरतात, सावत्र भावंडांच्या करडात साडेबारा. वजन घटतं, काटकपणा जातो, मर वाढते, पण हे हळूहळू होतं म्हणून घरच्यांना वाटतं की जातच खराब झाली. जात चांगलीये हो तुमची, बोकड बदला. बाहेरचा आणा, आणि त्याच्या पाटी माजावर यायच्या आत तोही बदला. नर करडं 3 महिन्यांची झाली की वेगळी बांधा, चौथ्या महिन्यातही काही नर लागू शकतात.

दुसरं कारण चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. जुनी माणसं वार (जार) पडेपर्यंत चीक पाजत नाहीत, तुमच्याकडंही तसंच असेल तर आजपासून बंद करा. करडू जन्मलं की तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे 2 किलोच्या करडाला 200 ग्रॅम तरी, थोडा थोडा करून. रोगाशी लढायची ताकद त्याला चिकातूनच मिळते आणि एक दिवस उलटला की आतडं ती शोषून घेणं जवळजवळ थांबवतं. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.

आता 50 चं. नका आणू एकदम, मी हे कळकळीनं सांगतोय. ठिकठिकाणचं जनावर एका गोठ्यात कोंबलं की पहिल्या महिन्यातच पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग म्हणतात तो साथीचा रोग) नाहीतर न्यूमोनिया शिरतो आणि उभा कळप बसतो, नोकरी सोडलेला माणूस त्यातनं लवकर उठत नाही. आधी 5-6 चांगल्या पाटी घ्या, कायमच्या दातांच्या एक किंवा दोन जोड्या आलेल्या. 3-4 आठवडे वेगळ्या ठेवा, जंताचं औषध द्या, पीपीआर आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होतं तो रोग) लस झालीये का बघा, नसेल तर करून घ्या, मगच घरच्यांत मिसळा. खुराक पण एकदम वाढवू नका, जास्त धान्य खाल्लं की पोटात आम्ल होतं, आंत्रविषारही त्यातनंच उठतो. गाभण काळ 5 महिन्यांचा, घरच्या पाटी राखत गेलात तर कळप वाढायला वेळ लागत नाही. तोवर नोकरी सोडू नका.

आणि आजोबा असतील तर त्यांना रोज गोठ्यात खुर्ची टाकून द्या. कोणती शेळी माजावर आलीये, कोणती आज रवंथ करत नाहीये हे त्यांना लांबून कळतं, आम्हाला थर्मामीटर लावावा लागतो. 7 शेळ्यांपैकी कोण कुणाची लेक, कुणाला जुळी होतात, कोण दुधाला कमी, हे त्यांच्याकडनं आत्ताच वहीत लिहून घ्या आणि कानाला बिल्ले मारा, कारण नवा बोकड कोणत्या शेळ्यांना लावायचा आणि कोणत्या काढायच्या हे त्या वहीवरनंच ठरणार आहे.