ताऱ्यातलं बेरियम-युरोपियम कसं मोजतात आणि त्यावरून दीर्घिकेचा इतिहास कसा लावतात?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. वर्णपटावरून ताऱ्यातली जड मूलद्रव्यं किती हे कसं काढतात, सगळं लोहाच्या तुलनेतच का लिहितात, आणि त्या आकड्यांतून दीर्घिका कशी घडली हे कसं कळतं. तिसरी गोष्ट सगळ्यात आकर्षक आहे, पण तिथल्या बऱ्याच चुकांचं मूळ पहिल्या गोष्टीत असतं. म्हणून मी मोजणीवर जास्त रेंगाळणार आहे.

आधी एकक बघू. हायड्रोजनचे एक लाख कोटी अणू घेतले, तर त्यामागे एखाद्या मूलद्रव्याचे जितके अणू सापडतील त्या संख्येचा लॉगॅरिदम म्हणजे त्याची विपुलता. अस्प्लुंड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या यादीप्रमाणे सूर्यात लोह ७.५०, बेरियम २.१८ आणि युरोपियम ०.५२ आहे. म्हणजे लाख कोटी हायड्रोजन अणूंमागे लोहाचे सुमारे तीन कोटी अणू, आणि युरोपियमचे जेमतेम तीन! [लोह/हायड्रोजन] असं चौकटी कंसात लिहिलं, की ते गुणोत्तर सूर्याच्या तुलनेत लॉगमध्ये समजायचं. ० म्हणजे सूर्याइतकं, −१ म्हणजे दहावा हिस्सा, −२ म्हणजे शंभरावा. या पायरीला डेक्स म्हणतात. इथेच पहिली ठेच लागते. १९८९ च्या प्रचलित यादीत सूर्याच्या प्रकाशावरणातलं लोह ७.६७ होतं. जुन्या आणि नव्या निबंधांतले आकडे तसेच एका आलेखावर टाकले, तर निव्वळ मापपट्टी बदलल्यामुळे ०.१७ डेक्सचा फरक दिसतो. आधी दोन्हीकडचे आकडे एकाच सौर यादीवर आणा.

लोहाचा मान केवळ सोयीचा आहे. दृश्य प्रकाशात त्याच्या शेकडो रेषा आहेत, उदासीन अणूच्याही आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाच्याही. त्यामुळे ताऱ्याचं तापमान, गुरुत्व आणि वातावरणातली सूक्ष्म खळबळ हे तिन्ही एकट्या लोहावरून बांधता येतं.

पद्धत अशी. वर्णपटाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता, किमान ४०,००० आणि सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत खरा प्रकाश, शंभराच्या आसपास हवा. कंटिन्युअम, म्हणजे रेषा नसत्या तर प्रकाशाची जी पातळी असती ती, ओढून घ्या, प्रत्येक शोषणरेषेची तुल्यरुंदी, म्हणजे रेषेने एकूण किती प्रकाश गिळला याचं माप, मिलिअँगस्ट्रॉममध्ये मोजा, आणि एटलस किंवा मार्क्सचं वातावरण-प्रारूप घेऊन मूगसारख्या प्रोग्रॅममधून प्रत्येक रेषेमागची विपुलता काढा. मग तीन आलेख बघा:

१. विपुलता विरुद्ध रेषेच्या खालच्या पातळीची ऊर्जा. कमी ऊर्जेच्या रेषा जास्त लोह सांगत असतील, तर तुम्ही धरलेलं तापमान जास्त आहे, ते उतरवा.
२. विपुलता विरुद्ध रेषेची ताकद. ठळक रेषा जास्त लोह दाखवत असतील, तर सूक्ष्म खळबळीचा वेग कमी धरला गेला आहे. सूर्यासारख्या ताऱ्यात तो सेकंदाला १ किलोमीटरच्या आसपास असतो, राक्षसी ताऱ्यात दीड ते दोन.
३. उदासीन लोह विरुद्ध आयनित लोह. किती अणू आयनित होतात हे सांगणारं मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण इथे रोज कामाला येतं. आयनित लोह जास्त निघत असेल, तर गुरुत्व कमी करा.

तिसऱ्या पायरीत एक खोच आहे. धातू (खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हीलियम सोडून बाकी सगळी मूलद्रव्यं) कमी असलेल्या राक्षसी ताऱ्यात अतिनील प्रकाश आत खोलवरून निसटतो आणि उदासीन लोहाचं साहांच्या समीकरणापेक्षा जास्त आयनीकरण करतो. त्यामुळे उदासीन रेषा लोह कमी सांगतात, आणि तुम्ही दोन्हींचा मेळ घालायला जाता तेव्हा गुरुत्व खोटंच खाली घसरतं. अशा ताऱ्यांसाठी गुरुत्व गाया अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या पराशयावरून, म्हणजे अंतर सांगणाऱ्या ताऱ्याच्या भासमान सरकण्यावरून, काढा आणि [लोह/हायड्रोजन] आयनित रेषांवरून घ्या. युरोपियम आणि बेरियमच्या रेषाही आयनितच असतात. त्यांना आयनित लोहानेच भागलं, तर गुरुत्वातली चूक बरीचशी कटून जाते.

आता जड मूलद्रव्यांच्या रेषा. युरोपियमची ४१२९ अँगस्ट्रॉमची रेषा ठळक असते, पण निळ्या भागात दाटीवाटी फार. ६६४५ ची रेषा त्या मानाने मोकळी, पण फिकी. फिकी किती महागात पडते बघा. रेषेचा विस्तार अंदाजे ०.४ अँगस्ट्रॉम धरा. कंटिन्युअम नुसता १ टक्का वर ओढला गेला, तर तुल्यरुंदीत ४ मिलिअँगस्ट्रॉमची भर पडते. खरी रेषा १० ची असेल तर तुम्ही १४ मोजता, आणि युरोपियम ०.१५ डेक्सने फुगतं. निबंधात छापलेली चूक कित्येकदा याहून लहान असते, हे जरा खटकतंच.

दुसरा सापळा अतिसूक्ष्म विभाजनाचा. युरोपियमची १५१ आणि १५३ ही दोन्ही स्थिर समस्थानिकं विषम आहेत, त्यामुळे एकच रेषा अनेक बारीक घटकांत पसरते. रेषांच्या यादीत ते घटक न घालता ती एकसंध रेषा म्हणून सोडवली, की ठळक रेषांत विपुलता जास्त निघते. मँगनीज आणि कोबाल्टचंही तेच. बेरियमची ४५५४ ची रेषा सूर्यासारख्या ताऱ्यात संपृक्त असते. तिथे बेरियम वाढलं तरी रेषा फारशी वाढत नाही, उलट सूक्ष्म खळबळीतली लहानशी चूकही तिला भोवते. ५८५३ ची रेषा घ्या.

एक उदाहरण सोडवून बघू. एका ताऱ्यात लोह ६.००, बेरियम ०.५८ आणि युरोपियम −०.४८ निघालं. सूर्याचे आकडे वजा केले की लोह −१.५०, बेरियम −१.६०, युरोपियम −१.००. म्हणजे [युरोपियम/लोह] +०.५० आणि [बेरियम/युरोपियम] −०.६०. मला विचाराल तर सगळ्यात बोलका आकडा हा शेवटचा.

का, ते सांगतो. लोहापलीकडची बहुतेक मूलद्रव्यं न्यूट्रॉन गिळून बनतात. संथ प्रक्रियेत दोन न्यूट्रॉनांच्या मध्ये बीटा-क्षयाला, म्हणजे न्यूट्रॉनचा प्रोटॉन व्हायला, सवड मिळते. ती साधारण १ ते ३ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यांत, त्यांच्या उतारवयात चालते. टेक्नेशियमचं या ताऱ्यांत सापडणारं समस्थानिक सुमारे २ लाख वर्षांत निम्मं होतं, तरीही पॉल मेरिल यांना १९५२ मध्ये टेक्नेशियम अशा लाल ताऱ्यांत दिसलं, म्हणजे ते तिथेच ताजं बनत होतं. जलद प्रक्रियेत सेकंदभरात न्यूट्रॉनांचा भडिमार होतो. सूर्यातलं बेरियम बहुतांश संथ प्रक्रियेचं, युरोपियम जवळजवळ सगळं जलद. निव्वळ जलद प्रक्रियेत [बेरियम/युरोपियम] −०.७ ते −०.८ च्या आसपास येतं. आपल्या ताऱ्याचं −०.६ आहे, म्हणजे तो घडला तेव्हा संथ प्रक्रियेचा माल वायूत नुकता कुठे मिसळू लागला होता.

लोहालाही असंच घड्याळ आहे. अवजड तारे तीसेक लाख ते काही कोटी वर्षांत फुटतात, भरपूर ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम देतात, लोह मात्र थोडंच. १९८७ए या अतिनवताऱ्याने सुमारे ०.०७ सौर वस्तुमानाचं निकेल-५६ दिलं, तेच पुढे लोह झालं. श्वेतबटूचा स्फोट, म्हणजे टाइप-१ए, एका दमात ०.६ च्या घरात लोह देतो, पण त्याला उशीर लागतो, कधी कधी अब्जावधी वर्षं. म्हणून आकाशगंगेत [मॅग्नेशियम/लोह] आधी +०.४ च्या आसपास सपाट राहतं आणि [लोह/हायड्रोजन] −१ पाशी गुडघा मोडून खाली येतं. बटू दीर्घिकांत ताऱ्यांची निर्मिती मंद असते, टाइप-१ए सुरू होईपर्यंत लोह फारसं साठलेलंच नसतं, म्हणून तिथला गुडघा −१ पेक्षा बऱ्याच कमी आकड्यावर पडतो. तो कुठे पडला यावरून सुरुवातीचा वेग कळतो.

एकूण धातूंवरून मात्र इतका इतिहास निघत नाही. बंद डब्याचं साधं प्रारूप घेतलं, म्हणजे बाहेरून काही आत नाही आणि आतून काही बाहेर नाही, तर सूर्याच्या आसपास धातू कमी असलेले बटू तारे भरपूर दिसायला हवेत. ते तितके दिसत नाहीत, हे १९६० च्या दशकातच लक्षात आलं. बाहेरून ताजा वायू येत राहिला असं धरलं की हिशेब जुळतो.

एखाद्या ताऱ्यात बेरियम भसकन जास्त निघालं, तर लगेच दीर्घिकेचा इतिहास लिहायला बसू नका. त्याचा वेग काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा मोजा. तो बदलत असेल, तर त्याच्याभोवती जोडीदार तारा फिरतो आहे आणि ते बेरियम बहुधा त्यानेच ओतलेलं आहे, जन्माच्या वेळच्या वायूतलं नाही. कार्बनही जास्त असेल तर संशय पक्का. असे तारे आलेखातून वगळा.

युरोपियम नक्की कुठून येतं, हा वाद मात्र मिटलेला नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी टिपल्या गेल्या आणि मागोमागच्या प्रकाशात जड मूलद्रव्यांची खूण मिळाली. रेटिक्युलम-२ या इवल्याशा दीर्घिकेत तपासलेल्या नऊपैकी सात ताऱ्यांत युरोपियम खच्चून भरलेलं आहे, हे २०१६ मध्ये दिसलं. एवढ्या छोट्या जागी ते एकाच दुर्मीळ घटनेतून आलं असावं. पण आकाशगंगेच्या तबकडीत [युरोपियम/लोह] हे मॅग्नेशियमसारखंच उतरत जातं. टक्कर व्हायला टाइप-१ए इतकाच उशीर लागत असेल, तर ते उतरायला नको होतं. म्हणून काही जण वेगाने फिरणाऱ्या, कोसळणाऱ्या अवजड ताऱ्यांकडे बोट दाखवतात. तुमच्याकडे दोन्ही मोजमापं असतील तर [युरोपियम/मॅग्नेशियम] काढून बघा. लोहाचं उशिराचं घड्याळ त्यातून निघून जातं, आणि युरोपियमचा स्वतःचा उशीर, असलाच तर, उघडा पडतो.