अटल सेतू झाला, रेवसचा पूलही येतोय. मग नागावला खोल्या बांधून भाड्याने द्यायला पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, निवृत्तीचे पैसे हातात आलेत, आणि एजंट म्हणतो की रस्ते झाल्यावर अलिबाग म्हणजे मुंबईचं उपनगरच, आत्ताच नागाव-आक्षीच्या पट्ट्यात जागा घेऊन चार खोल्या बांधा. गाव वाढेल का आणि खोल्या भरतील का, हे तुम्हाला हवंय.

गाव वाढेल. खोल्या भरतीलच असं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एजंट ते मुद्दाम एकाच पिशवीत घालतो.

मी शिवडीचा. अटल सेतू आमच्या घराच्या मागच्या बाजूलाच सुरू होतो. आईचं माहेर नागावचं, मामांची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. त्यामुळे पुलाची दोन्ही टोकं मला घरचीच.

लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचो, तिथून एसटीचा लाल डबा अलिबागला आणि मग दुसरी गाडी नागावला. अर्धा दिवस जायचा. कुणी गेला की चार दिवस राहिल्याशिवाय परतत नसे, कारण एवढं मरमर करून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं म्हणजे वेडेपणा. मामीच्या खोल्या पुढे ज्या चालल्या, त्या याच अडचणीवर चालल्या. हे वाक्य उलटं वाटेल, पण तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आधी रस्त्याचं खरं काय ते सांगतो. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. 21.8 किलोमीटर लांब, त्यातले साडेसोळा समुद्रावरून. मोटारीला एकेरी 250 रुपये टोल, येऊन-जाऊन 375. शिवडीहून चिर्ल्याला, म्हणजे पुलाच्या पलीकडच्या टोकाला, वीस मिनिटांत उतरता, हे अगदी खरं. वाशी, बेलापूर, कळंबोलीची कटकट गेली. पण चिर्ले म्हणजे अलिबाग नव्हे. तिथून गव्हाण फाटा, पळस्पे, खारपाडा, पेण, मग वडखळ. पळस्पे ते इंदापूर या मुंबई-गोवा महामार्गाच्या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं, आणि त्याची रडकथा सांगायला कोकणातला कुठलाही चाकरमानी पुरेसा आहे. तरी पेणपर्यंतचा भाग आता बरा आहे. वडखळला उजवीकडे वळलात की सुमारे 22 किलोमीटरचा अलिबाग रस्ता: धरमतरचा पूल, पोयनाड, पेझारी, कार्लेखिंड. बहुतेक ठिकाणी दोनच पदर, कडेला बाजार, मध्येच रिक्षा, आणि कारखान्यांकडे जाणारे ट्रेलर. अलिबाग गावातून पुढे आक्षी-नागावचा रस्ता तर आणखी अरुंद, दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे. दोन बस समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं.

याच रस्त्याला आक्षीत शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. कोंडीत अडकाल तेव्हा उतरून बघून घ्या, वेळ भरपूर मिळतो.

मामा वाडीला पाणी लावणारा माणूस. सेतू सुरू झाला त्या उन्हाळ्यात एका रविवारी मी संध्याकाळी पाचला निघालो, साडेसातला पोयनाडात उभा होतो आणि वैतागून त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, पंप दहाचा बसवला म्हणून पाट रुंद होतो का? पाणी पाट फोडून बाजूलाच जाणार." महामार्गावर मोठमोठे अहवाल असतील, पण मला तरी याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही. वरच्या अंगाला जितकं लवकर सोडाल, तितकं खाली जास्त तुंबेल. पूर्वी गाड्या कळंबोली, पनवेल, पेण अशा ठिकठिकाणी अडकत पोहोचायच्या, त्यामुळे पांगून यायच्या. आता त्या एकगठ्ठा वडखळला येतात.

तुम्ही म्हणाल, हे तात्पुरतं आहे, रेवस-करंजा पूल झाला की वडखळला जायलाच नको. बरोबर. उरणच्या बाजूच्या करंजापासून धरमतरची खाडी ओलांडून थेट रेवसला उतरायचं. ही कल्पना अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची. माझी आई लग्न होऊन शिवडीला आली तेव्हा "आता पूल होतोय, दर रविवारी माहेरी येशील" असं तिला सांगितलं होतं म्हणे. ती आजी झाली. आता काम एमएसआरडीसीने (राज्य रस्ते विकास महामंडळाने) हाती घेतलंय आणि पूल होईल असं मलाही वाटतं, शिवाय विरार-अलिबाग मार्गिकाही आहे, नवी मुंबईचा विमानतळ आहे. पण एजंट जे साल सांगतो त्याला धरून कर्जाचा हप्ता आखू नका. आणि पूल झाला तरी रेवसहून अलिबाग-नागावचा रस्ता तोच, वाड्यांमधून जाणारा. तो रुंद करायचा म्हणजे कुणाच्या तरी सुपाऱ्या तोडायच्या. त्या कदाचित तुमच्याच असतील.

आता खोल्यांकडे येतो.

रस्ता चांगला झाल्यावर माणसं जास्त येतात, पण राहत कमी. सकाळी सहाला घर सोडायचं, नऊला नागावच्या किनाऱ्यावर, दिवसभर बनाना राइड, घोडागाडी, थाळी, आणि चारला परत. मुक्काम हवा कशाला? लोणावळ्याचं हेच झालं. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि माझ्या ओळखीतली जी कुटुंबं पूर्वी तिथे दोन रात्री काढत, ती आता भुशी धरणावर भिजून, चिक्की घेऊन रात्री जेवायला घरी असतात. मामीकडे पूर्वी शुक्रवार आणि शनिवार दोन्ही रात्री पाहुणे असत. सेतू झाल्यापासून शुक्रवारचे फोन जवळपास बंद झाले. "सकाळीच येतो ना, आता काय लांब आहे!" असं लोक तिलाच सांगतात, जणू तिच्यावर उपकार केले.

वर्षाचा हिशेब मांडून बघा, त्याला तज्ज्ञ लागत नाही. जून ते सप्टेंबरचा मध्य समुद्र खवळलेला. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. गाड्या नेणारी रो-रो बोट तेवढी हवामान बघून चालते. पावसात गाडी घेऊन येणारे हौशी असतात, पण त्यांच्यावर धंदा उभा राहत नाही. उरले साडेआठ महिने, म्हणजे जेमतेम 37 शनिवार. त्यातला एखादा परीक्षांचा, एखादा गणपती किंवा नवरात्राचा. वर दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, होळी आणि मे महिना मिळवा. मधल्या वारी नागावात कुत्री रस्त्याच्या मध्यभागी झोपतात. म्हणजे तुमच्या चार खोल्या वर्षातल्या बहुतांश रात्री रिकाम्या, आणि त्या मोजक्या रात्रींत पूर्ण वर्षाचा पगार, वीज, रंग आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या खिडक्या भरून काढायच्या. म्हणून मग लोक पोहण्याचा तलाव बांधतात, डीजे लावतात, दहा जणांच्या बंगल्यात पंचवीस घेतात. तुम्ही निवृत्त आहात. तुम्हाला रात्री एक वाजता डीजे बंद करायला सांगत फिरायचंय का, ते ठरवा.

आणि गाव? 2011 च्या जनगणनेत अलिबाग नगरपालिकेची लोकसंख्या 20,743 होती. गटारं, कचरा, पाणी हे सगळं त्या आकड्याच्या आसपास बेतलेलं. सुट्टीच्या शनिवारी त्यावर मुंबई-पुण्याचा लोंढा. टोल पुलावर जमा होतो आणि चिप्सची पाकिटं नागावच्या वाळूत. ग्रामपंचायतीच्या वाट्याला येते ती पाकिटं उचलणाऱ्याची मजुरी. पाण्याचं तर विचारूच नका. वाडीतली विहीर गोडी असते कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. शेजारच्या बंगल्याने बोअर मारून तलाव भरायला उपसा लावला की खारं पाणी वर चढतं. मामांच्या शेजारच्या वाडीत असंच झालं. सुपारीची पानं टोकापासून करपायला लागली. आता तिथे एप्रिलपासून टँकर येतो.

जाता जाता एक गंमत. मुंबईच्या वाहतूक सुधारणेचा पहिला पाहुणा अलिबागला 1904 मध्येच आला. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. शहरात विजेची ट्राम येणार, तिच्या तारांमुळे मोजणी बिघडणार, म्हणून ती चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. ती अजून तिथे आहे. शांतता हवी म्हणून आलेला तो बहुधा एकमेव पाहुणा, ज्याने कायमचा मुक्काम केला.

एवढं वाचूनही तुम्ही जागा बघायला जाणार, हे मला माहीत आहे. पूर्वी मुंबईत "अलिबागहून आलायस का?" म्हणत बावळट ठरवायचे (2019 मध्ये त्यावर बंदी घाला म्हणून एक जण उच्च न्यायालयात गेला होता, याचिका फेटाळली गेली), आता अलिबागला जागा नसलेला बावळट ठरतो. तर निदान असं करा. एजंट तुम्हाला मंगळवारी नेईल. त्याला नाही म्हणा. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी स्वतः गाडी घेऊन जा आणि संध्याकाळी पाचला परत निघा. मग जुलैत एकदा जा, आणि त्या जागेत पाणी कुठून येतं, कुठे साठतं ते बघा. सातबारा आणि फेरफार स्वतः काढा. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे ती तुम्हाला थेट घेता येत नाही. "नंतर एनए (बिगरशेती) करून देतो" या वाक्यावर बयाणा देऊ नका. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, तपासा. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून 50 मीटर आहे, बाकी ठिकाणी 200. एजंट नेहमी 50 च सांगतो. आणि वाडीतून आत जायची वाट कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर, हे शेजाऱ्यालाच विचारा. चहा घेत विचारलंत तर तो खरं सांगेल.

मुक्कामच विकायचा असेल तर मी तुमच्या जागी अलिबागच्या पुढे बघेन. काशीद-मुरूडकडे, किंवा आगरदांड्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) पलीकडे दिघी-दिवेआगरला. जे अलिबागला एका दिवसात उरकतात, ते राहायला तिकडे सरकतायत. अर्थात सागरी महामार्ग पूर्ण झाला की तिथेही हीच गोष्ट सुरू होईल, फक्त तुम्हाला काही वर्षं जास्त मिळतील.

मामीने काय केलं ते सांगतो. तिने दोनपैकी एक खोली मोडून तिथे सहा टेबलं टाकली. दिवसाचे पाहुणे जेवतात ना? मग जेवण विकायचं. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी, दुपारी तीनला चूल बंद. यात तिला खोल्यांपेक्षा जास्त सुटतात आणि चादरी धुवाव्या लागत नाहीत. उरलेली एक खोली आणि अंगणातले तंबू ती फक्त जानेवारी-फेब्रुवारीत देते, पोपटीच्या दिवसांत. वालाच्या शेंगा कोवळ्या असतात, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेंगा, अंडी, कोंबडी भरायची आणि पेंढ्याच्या जाळात भाजायची. हे काम रात्रीच रंगतं, थंडीत, शेकोटीभोवती. पोपटी खाऊन त्या रस्त्याने रात्री अकराला मुंबईला निघायची कुणाची छाती होत नाही. या वर्षीचे सगळे शनिवार तिने नाताळच्या आधीच दिले होते. मला स्वतःलाही जागा मिळाली नाही, ओटीवर झोपलो.