ज्यांनी तुझा फोटो झूम करून बघितला

प्रिय मित्रा,

तू विचारलंस की ताई, आपल्या फोटोग्राफीच्या ग्रुपवरचे ते सर माझ्या फोटोबद्दल एवढं सविस्तर लिहून पाठवतात आणि मी उत्तरादाखल नुसता अंगठा टाकतो, बरं वाटत नाही, पण मग नेमकं करायचं काय असतं? बरं झालं विचारलंस. मॅक्रो, म्हणजे किडे-कोळी अगदी जवळून मोठे दिसतील असे फोटो काढायला शिकणारी बहुतेक मुलं लेन्स कुठली, फ्लॅश कुठला, अमुक कोळी कुठे मिळेल हेच विचारत असतात, आणि जी माणसं हे सगळं शिकवतायत त्यांच्याशी वागायचं कसं हे कोणी विचारतच नाही. म्हणून जरा लांबच लिहिते, सवडीने वाच.

आधी त्यांनी तुझ्यासाठी काय केलं ते नीट बघ. तू जंपिंग स्पायडरचा फोटो टाकलास, भरपूर जणांनी 'अप्रतिम', 'कडक', 'लय भारी' लिहिलं, त्यात वाईट काहीच नाही, नवीन माणसाचा उत्साह त्यानेच टिकतो. पण या एका माणसाने फोटो उतरवून घेतला, झूम करत पार डोळ्यापर्यंत गेला, तुला सेटिंग विचारलं आणि मग लिहिलं की फोकस डोळ्यांवर नाहीये, मागे पाठीच्या केसांवर गेलाय, आणि लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ/२२ इतकं बारीक लावल्यामुळे सगळाच फोटो मऊ पडलाय. बरं नुसतं चुकलं म्हणून सोडलं नाही, कारण पण सांगितलं, की १:१ ला, म्हणजे किडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच पडतो तेव्हा, आपण एफ/२२ लावतो पण प्रत्यक्षात ते एफ/४४ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं, बारीक डिटेल खाऊन टाकतं, म्हणून एफ/८ ते एफ/११ च्या आसपास रहा, पण मग फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) एफ/८ ला जेमतेम १ मिलिमीटर जागा फोकसमध्ये राहते, तेव्हा ऑटोफोकसच्या मागे न लागता फोकस एका जागी लॉक कर आणि स्वतःच हळूच पुढे-मागे हलत डोळे शार्प दिसले की क्लिक कर. हे लिहायला किती वेळ लागतो सांग? मोबाइलवर मराठी टाइप करत, दिवसभराची नोकरी करून आल्यावर. आणि वर त्यांनी डिफ्यूझरचं, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्याचं, चित्र कागदावर काढून त्याचा फोटो पाठवला, टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगला येते ती पांढरी फोमशीट कशी कापायची, फ्लॅशपासून किती पुढे आणि किड्याच्या किती जवळ आणायची म्हणजे चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर तो पांढरा ठिपका पडत नाही, सगळं.

अशा माणसाला 'धन्यवाद सर' म्हटलं तर वाईट वाटणार नाही, नक्कीच म्हण. पण त्यांना खरा आनंद कशाने होतो सांगू? त्यांनी सांगितलेलं तू करून बघितलंस आणि परत येऊन दाखवलंस की. पुढच्या रविवारी एफ/११ ला, फोमशीट लावून, तसाच कोळी शोधून फोटो काढ, आणि जुना-नवा शेजारी शेजारी टाकून लिही की सर, तुम्ही डिफ्यूझरचं म्हणालात तसं केलं, ठिपका गेला, फोकस मात्र अजून थोडा मागेच जातोय. नीट जमला नसेल तरी टाक. मी बरीच वर्षं बघतेय, शिकवणारा माणूस या दुसऱ्या फोटोची वाट बघत असतो आणि तो दहातल्या नऊ वेळा येतच नाही. मुलं उत्तर घेतात आणि गायब होतात, त्यांना फायदा झालासुद्धा असेल, पण सांगणाऱ्याला ते कळणार कसं?

आभार मानतानाही नेमकं लिहावं. 'तुम्ही ग्रेट आहात' पेक्षा 'सेन्सर किड्याच्या अंगाला समांतर ठेवायचं तुमचं वाक्य मला फार उपयोगी पडलं' हे वाचून माणसाला कळतं की आपलं बोलणं पोचलं, आणि पुढच्या मुलाला काय सांगायचं तेही कळतं. आणि जमलं तर सगळ्यांसमोर लिही, पर्सनलवर नको, म्हणजे बाकीच्यांनाही त्या माणसाची किंमत कळते.

आता दुसरी गोष्ट, जी मला आभारांपेक्षाही महत्त्वाची वाटते. विचारायचं कसं. समोरच्याच्या वेळेची कदर प्रश्नातच दिसते बघ. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवलास की तो दाबून लहान होतो आणि सेटिंगची माहिती पण उडते, मग ते बिचारे विचारत बसतात आयएसओ किती होता, शटर किती होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठव. किड्याचं नाव हवं असेल तर जागा, तारीख, कुठल्या झाडावर होता, साधारण केवढा होता हे आधीच लिही, आणि एकच सुंदर फोटो न देता वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले द्यायला लाजू नकोस, कुरूप असले तरी चालतात. तुला त्या पिवळ्या फुलपाखराचं आठवतं का, तू ग्रास यलो म्हणून टाकलेलं? तुला राग आला होता की कोणी नक्की नाव सांगत नाहीये. अरे पण ग्रुपवरच्या फुलपाखरं ओळखणाऱ्या त्या बाईंनी किती शांतपणे समजावलं होतं, की ग्रास यलोच्या बऱ्याच जाती आहेत, त्यांच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला सेलमध्ये (शिरांनी वेढलेल्या कप्प्यात) ठिपके बघावे लागतात, साधारणपणे वन-स्पॉट जातीला एक, कॉमनला दोन, थ्री-स्पॉटला तीन, आणि तुझ्या फोटोत तो भागच मागच्या पंखाखाली झाकलेला आहे. 'यावरून सांगता येत नाही' हे उत्तर द्यायला सगळ्यात जास्त अभ्यास लागतो. कोणीतरी ठोकून द्यावं तसं नाव सांगितलं असतं तर तू खूश झाला असतास आणि चुकीचं नाव घेऊन बसला असतास. कोळ्यांचं तर याहून अवघड, कित्येक जाती मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय सांगताच येत नाहीत, तरी ही माणसं निदान जीनसपर्यंत, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंत, नेऊन सोडतात.

तू आता आयनॅचरलिस्टवर, त्या निसर्गातल्या नोंदी टाकून ओळखून घ्यायच्या वेबसाइट-ॲपवर, पण फोटो टाकायला लागलायस म्हणून सांगते. २००८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मास्टर्सच्या प्रोजेक्टमधून ते सुरू झालं. तिथे तुझी नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे अभ्यासाला वापरता येईल अशी, व्हायला ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं नावावर एकमत व्हावं लागतं. ते हिरवं लेबल आलं की आपल्याला वाटतं ॲपने केलं. ॲप अंदाज सुचवतं हे खरं, पण पक्कं करतो तो कोणीतरी माणूसच, फुकट, स्वतःच्या रात्रीच्या वेळात, आणि त्याने त्या आठवड्यात तुझ्यासारख्या शेकडो नोंदी बघितलेल्या असतात, त्यातल्या अर्ध्या धूसर. त्याने तुझ्यापेक्षा वेगळं नाव लिहिलं तर लगेच मान डोलावू नकोस, भांडूही नकोस, कशावरून ओळखलं ते विचार. हा प्रश्न जाणकार माणसाला फार आवडतो. आणि पटलं की तुझं नाव बदल, तिथे जुनं तसंच सोडून देणं म्हणजे त्याचं काम अर्ध्यात अडकवून ठेवणं.

एक खरी गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. मलेशियातले एक हौशी फोटोग्राफर, गुएक हॉक पिंग, त्यांनी सेलांगोरच्या जंगलात एका हिरव्या लेसविंगचा (जाळीदार पंखांच्या नाजूक किड्याचा) फोटो काढला, पंखांच्या बुडाशी काळी जाळीदार नक्षी असलेला, आणि फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर टाकून दिला. कॅलिफोर्नियातले कीटकतज्ज्ञ शॉन विंटरटन यांच्या तो सहज नजरेस पडला आणि ही जात आपण कधी बघितलीच नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी गुएकना विचारलं, नमुना आहे का? नमुना कुठला, किडा फोटो काढल्यावर उडून गेलेला. पण गुएकनी ते डोक्यात ठेवलं, पुढे त्याच भागात पुन्हा तसाच किडा दिसला तेव्हा पकडून ठेवला आणि कळवलं. तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये स्टीफन ब्रूक्स यांच्याकडे गेला, त्यांनी तपासलं, जात खरंच नवीन निघाली, आणि २०१२ साली सेमाक्रायसा जेड या नावाने जाहीर झाली. शोधनिबंधावर तिघांचीही नावं आहेत, हौशी फोटोग्राफरचंसुद्धा. आता यात मला काय दिसतं, की तज्ज्ञाने अनोळखी माणसाचा फोटो नीट बघितला, तुच्छ मानला नाही, आणि फोटोग्राफरने त्याच्या एका प्रश्नाचा एवढा मान ठेवला की इतक्या दिवसांनी किडा शोधून दिला. आणि शेवटी श्रेय वाटून घेतलं. आपल्याकडच्या साध्या इन्स्टाग्राम पोस्टलासुद्धा हे लागू आहे. ओळख ज्यांनी करून दिली त्यांचं नाव कॅप्शनमध्ये लिही, आधी विचार फक्त, काहींना नाव आलेलं आवडत नाही.

आणि हो, उत्तर मिळालं की प्रश्नाची पोस्ट डिलीट करायची सवय असेल तर मोड. खूप मुलं करतात, अज्ञान दिसू नये म्हणून. पण त्या खाली कोणीतरी तासभर घालवून जे लिहिलेलं असतं ते पण पुसलं जातं, आणि महिन्याभराने दुसऱ्या कोणाला तोच प्रश्न पडतो आणि त्याच माणसाला परत पहिल्यापासून लिहावं लागतं.

काही माणसं अशी असतात जी तुला 'नको' म्हणतात, त्यांचा राग सगळ्यात पटकन येतो. मे अखेर-जूनमध्ये काजवे सुरू झाले की पुरुषवाडी, भंडारदरा, राजमाचीला झुंबड उडते, आणि दर वर्षी तीच दोन-चार माणसं तेच समजावत असतात, की फ्लॅश नको, टॉर्च मारू नका, गाडीचे दिवे बंद करा, कारण काजव्यांचं चमकणं हे नर-मादीचं एकमेकांना शोधणं असतं आणि आपला उजेड पडला की ते बिघडतं. दर वर्षी त्याच सुरात, चिडचिड न करता. घरट्याचा फोटो टाकू नकोस, घुबडाची जागा उघड लिहू नकोस, आंबोलीला बेडूक उचलून 'चांगल्या' दगडावर ठेवू नकोस, हे सांगणारेही तेच. हे सांगून त्यांना काय मिळतं? लाइक तर नाहीच, उलट बोलणी खातात. तुला पटत असेल तर अशा वेळी 'सर बरोबर सांगतायत' एवढं एक वाक्य लिहीत जा. एकट्या माणसाच्या मागे दुसरा उभा राहिला की वादाचा सूरच बदलतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

कारण ही माणसं कंटाळतात रे. आणि कंटाळली की भांडून जात नाहीत, गुपचूप उत्तरं द्यायची थांबतात. आमच्या ग्रुपमध्ये एक होते, पतंगांचे जाणकार, रात्री दिवा लावलेल्या पांढऱ्या पडद्यावर आलेले तपकिरी-करडे पतंग, जे बाकी कोणी ढुंकून बघत नाही, ते ओळखून द्यायचे, शिवाय हा कुठल्या झाडावर वाढतो, याची अळी कशी दिसते हे पण सांगायचे. हळूहळू त्यांना रात्री अकराला मेसेज, 'सर अर्जंट आयडी' (म्हणजे ओळख सांगा), उत्तर उशिरा आलं तर परत टॅग, नाव कळलं की संवाद संपला. एक दिवस ते बंद झाले आणि बऱ्याच दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की अरे हे दिसत नाहीत. त्यांची जागा अजून भरलेली नाहीये, पतंगांचे फोटो नुसते पडून असतात. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा फक्त नावाजलेल्या लोकांकडे बघू नकोस. ज्यांच्या स्वतःच्या फोटोला फार कोणी विचारत नाही पण जे नवीन माणसाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतात, त्यांना ओळख, त्यांचे फोटो पण थांबून बघ, त्यावर दोन शब्द मनापासून लिही. त्यांनाही कोणीतरी झूम करून बघावंसं वाटतच असेल ना. आणि भेटवस्तू, पैसे वगैरेचं तू विचारलंस, त्याची गरज नाही, त्याने त्यांना अवघडल्यासारखंच होतं. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर एखाद्या सकाळी फिरायला जा, डिफ्यूझर धरून उभा रहा, पाणी ने, चहाचे पैसे तू दे.

आणि एक काम मी तुझ्याकडे सरळ देऊन टाकते. पाऊस सुरू झाला की नवीन मुलं येतात, मॅक्रो लेन्स परवडत नाही काय करू, ५० एमएम उलटी लावली तर चालेल का, रेनॉक्स (लेन्सपुढे लावायचं भिंग) घेऊ का एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची पोकळ नळी), फोटो काळा का येतोय. या सगळ्याची उत्तरं तुला आता येतात, सरांनीच दिलेली आहेत. यंदा ती तू दे, म्हणजे ते आपल्या कोळ्यांना वेळ देऊ शकतील. उलट्या लेन्सवर ॲपर्चर उघडं कसं ठेवायचं ते मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तिथे अडलास तर मला फोन कर, रात्री नऊनंतर मी मोकळीच असते.

तुझी,
ताई