पहिली लढाई बर्डीचीच मांड

प्रिय मित्रा,

छोट्या बाहुल्या रंगवून टेबलावर लढाईचा खेळ मांडायचा म्हणतोस, तर पानिपत आणि वॉटर्लू सध्या यादीतून काढून टाक. शंभर-शंभर बाहुल्यांची लढाई पहिल्याच फटक्यात हाती घेतली, की रंगकाम विसाव्या बाहुलीवर अडतं आणि डबा माळ्यावर जातो. नागपुरातच बेताची लढाई आहे: सीताबर्डी, २६-२७ नोव्हेंबर १८१७. एकीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं दीड हजाराच्या आतलं सैन्य, दुसरीकडे अप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी पट मोठी फौज. सगळी मांडू नकोस, तिथल्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडीपुरतीच घे. भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी ती काबीज करून तिथून मोठ्या टेकडीवर तोफ डागली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाचा हल्ला, दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट आणि टेकडी परत कंपनीकडे. खेळाला याहून काय हवं!

एकास बहात्तर मापाच्या (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या घे. कंपनीचे २० शिपाई, ५ स्वार, १ तोफ. भोसल्यांचे २४ अरब, १ तोफ. मद्रासी शिपाई मिळाले नाहीत तर नेपोलियनच्या काळातलं ब्रिटिश पायदळ चालेल. लाल कोट, छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे, चेहरे सावळे. जाणकार टोप्यांवरून नाक मुरडतील, मुरडू दे. दोन्ही बाजू तूच रंगव. फौज तयार असली की भिडू मिळतोच.

रंगाचं मात्र नीट ऐक. साच्यातून निघताना बाहुलीवर तेलकट थर राहतो. भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने तो धुतला नाहीस तर रंग भाल्याच्या टोकापासून सोलून निघतो. वाळल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक पातळ हात, मग प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारशील तर थेंब हवेतच वाळतात आणि बाहुली वाळूच्या कागदासारखी खरखरीत होते. सकाळी सातच्या आत मार, नाहीतर ब्रशने लाव. कूलरसमोर बसून तर रंगवूच नकोस: वाऱ्याने रंग ब्रशवरच सुकतो, आणि दमट हवेत शेवटी मारायचं मॅट (बिनचकाकीचं) वार्निश पांढरं पडतं. पावसाळ्यातही वार्निशचं तेच होतं. कोरड्या दिवसाची वाट बघ.

रंग अॅक्रिलिक. डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. उन्हाळ्यातही तास-दोन तास ओला राहतो. ब्रश एक नंबरचा गोल, टोकदार. तीन शून्याचा घेऊ नकोस, त्यात रंग राहतच नाही. एक-एक बाहुली पूर्ण करत बसण्यापेक्षा दहा जणांचे कोट, मग दहा जणांचे पट्टे, असं चाल. शेवटी तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, दिला की घड्यांत सावली बसते आणि निम्म्या चुका झाकल्या जातात.

पायदळाच्या चार-चार बाहुल्या ४ सेंटिमीटर चौरस, २ मिलिमीटर जाड एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) तुकड्यावर चिकटव, हा एक बेस. वर फेविकॉल आणि चहाच्या गाळणीने चाळलेली वाळू.

टेबल चार फूट बाय तीन फूट पुरे. १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर धर. दोन टेकड्यांत सुमारे ३०० मीटर अंतर होतं, म्हणजे टेबलावर ६० सेंटिमीटर. बंदुकीचा टप्पा १०० मीटर धरलास तर २० सेंटिमीटर. म्हणजे बंदुकीला मोठी टेकडी पोचत नाही, तोफेला पोचते. लहान टेकडी का महत्त्वाची, हे टेपनेच कळतं.

टेकड्या थर्माकोलच्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या. प्रत्येक पायरी किमान ५ सेंटिमीटर रुंद, नाहीतर बेस घसरतात. थर्माकोलवर स्प्रे किंवा फेविक्विक नको, दोन्ही त्याला खातात. फेविकॉलने चिकटव, वर डिस्टेंपर मार.

नियम एका पानात बसव. पायदळ एका फेरीत १५ सेंटिमीटर, स्वार ३०. गोळीबाराला प्रत्येक बेसमागे एक फासा: उघड्यावर ५-६ ला लागली, टेकडीमागे ६ लाच. दोन वेळा लागली की बेस उचलायचा. अरबांची दारूगाडी लहान टेकडीवर ठेव. तिच्यावर तोफ डागताना दोन फासे टाक, दोन्हींवर सहा आले तर स्फोट आणि जवळचे दोन बेस गेले. सुरुवातीला टेकडी अरबांकडे, दहाव्या फेरीअखेर ती ज्याची तो जिंकला.

पहिले दोन डाव न रंगवलेल्या बाहुल्यांवर खेळ. कंपनी दोन्ही वेळा हरली तर अरबांचा एक बेस कमी कर, नियमांना हात लावू नकोस.

तुझा,
एक जुना खेळगडी