पहिल्या सत्रात सॉफ्टवेअर कमीच शिकव

अरे, नटाच्या हालचालीनुसार पडद्यावरचं चित्र बदलणारं नाटक शिकवणार आहेस ना, त्या अभ्यासक्रमात ढीगभर सॉफ्टवेअर कोंबू नकोस. चित्रांसाठी प्रोसेसिंग आणि आवाजासाठी प्युअर डेटा, दोन्ही फुकट. पहिल्या सत्राला पुष्कळ झाली. आर्डुइनो (सेन्सर जोडायचा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, तारा मुलांनाच पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणू देत, घासाघीसही शिकतील.

खरी गोम कॅमेऱ्यात आहे. रंगमंचावर अंधार केला की साध्या वेबकॅमला नट दिसत नाही, उजेड वाढवला की पडद्यावरचं चित्र फिकं पडतं. त्यात कॅमेरा प्रोजेक्टरच्या चित्रालाच हालचाल समजतो! म्हणून नटावर डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे दिवे टाक आणि फक्त इन्फ्रारेड पाहणारा कॅमेरा लाव. जुने हॅलोजन मात्र स्वतःच भरपूर इन्फ्रारेड फेकतात, तेव्हा बाकी प्रकाशयोजना एलईडीचीच ठेव.

ऑगस्टमध्ये वर्ग ओस पडेल, अर्धी मुलं पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमीला. चिडू नकोस. तिथे संहिता आणि अभिनयाला भाव असतो, झगमगाटाला नाही. तीच मुलं परत येऊन ‘हे चित्र इथे कशाला?’ विचारतील. गुण त्या प्रश्नाच्या उत्तराला दे, इफेक्टला नको.

आणि परीक्षेच्या सकाळी लॅपटॉपचं अपडेट बंद आहे ना, ते स्वतः बघ.