पेशीच्या तारखा अन् प्रायव्हसीवालं कॅलेंडर, माझा अनुभव

ताई, तुम्ही विचारलं की गूगल कॅलेंडर सोडायचं आहे, त्यात पक्षकारांची नावं अन् पेशीच्या तारखा आहेत, ज्युनिअरलाही त्या दिसायला हव्यात, पण स्वतःचा सर्व्हर चालवायचा नाही. सर्व्हर नको हे बरोबरच आहे, आपल्या नागपुरात मे महिन्यात लाईट गेली अन् त्याच वेळी कोर्टात तारीख पाहायची असली तर काय करणार.

आधी एक ठरवा, लपवायचं कोणापासून? कारण सर्व्हिसेस दोन जातीच्या आहेत. एकीत कंपनीलाच तुमचं लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. यात स्वित्झर्लंडचं प्रोटॉन अन् जर्मनीचं टुटा (आधीचं टुटानोटा). दुसरीत मेलबॉक्स डॉट ऑर्ग, फास्टमेल वगैरे. हे जाहिरातीवर नाही, तुमच्या वर्गणीवर चालतात, पण डेटा त्यांच्या सर्व्हरवर त्यांना वाचता येईल असाच असतो. आयफोन असेल तर हेही माहीत असू द्या की अ‍ॅपलचं अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन (आयक्लाउडलाही एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावायची सोय) चालू केलं तरी आयक्लाउडचं कॅलेंडर त्यात येत नाही.

मग सगळ्यांनी पहिलीच जात का घेऊ नये? तर कॅलडॅव्हमुळे. हे २००७ पासूनचं स्टँडर्ड आहे, ते पाळणारं कोणतंही कॅलेंडर अ‍ॅप ते पाळणाऱ्या कोणत्याही सर्व्हिसशी बोलते. प्रोटॉन अन् टुटात ते नाही, त्यांचंच अ‍ॅप वापरावं लागते. अन् ज्युनिअरसोबत एन्क्रिप्टेड शेअरिंग हवं तर त्याचंही खातं तिथंच पाहिजे, शिवाय शेअरिंग कोणत्या प्लॅनमध्ये आहे ते पैसे भरायच्या आधी पाहून घ्या. दोघांत फरकही आहे, प्रोटॉनमध्ये नाव, जागा, टिपण, कोण येणार हे सगळं एन्क्रिप्टेड असते पण सुरू-शेवटची वेळ नाही, टुटा रिमाइंडरही एन्क्रिप्ट करते.

तुमच्यासारख्या वकिलाला मी प्रोटॉन किंवा टुटाच सांगीन, कारण पक्षकाराचं नाव ही तुमची नाही, त्याची गोष्ट आहे.

पण सर्व्हिस बदलली म्हणजे झालं असं नका समजू, मला हे फार उशिरा कळलं. मी ज्या ऑफिसचं कॉम्प्युटरचं काम पाहतो तिथं एका ताईंचा फोन टेबलावर होता, स्क्रीन लॉक होती, अन् पेशीचं रिमाइंडर वर आलं, पक्षकाराचं नाव अन् "घटस्फोट" दोन्ही समोर बसलेल्या माणसानं वाचलं. सर्व्हर कितीही चांगला असो, इथं काय कामाचा? म्हणून लॉक स्क्रीनवरचा मजकूर बंद करा, अन् नावाऐवजी केस नंबर लिहा. दुसरं, अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ सारख्या अ‍ॅपनं कॅलेंडर फोनमध्ये आणलं की कॅलेंडरची परवानगी दिलेलं कोणतंही अ‍ॅप ते वाचू शकते, सेटिंगमध्ये जाऊन ती यादी एकदा पाहाच, मला त्यात टॉर्चचं अ‍ॅप सापडलं होतं. तिसरं, जीमेलवाल्या माणसाला इन्व्हाइट पाठवला तर ती नोंद पोचलीच गूगलकडे, त्याला तारीख फोनवर सांगा.

अन् पासवर्ड विसरला तर कंपनी तुमच्या जुन्या नोंदी उघडून देऊ शकत नाही, टुटा रिकव्हरी कोड देते अन् प्रोटॉन रिकव्हरी शब्द, ते कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.

बदलायचं सोपं आहे. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमधून एक्सपोर्ट केलं की झिप येते, आतली आयसीएस (कॅलेंडरची) फाईल नव्या जागी इम्पोर्ट करा. मग दर महिन्याला, दर वर्षाला परत येणाऱ्या नोंदी हातानं तपासा, चूक झाली तर तिथंच होते. महिनाभर दोन्ही चालू ठेवा, नवं बरोबर चालते अशी खात्री झाली की जुन्यातल्या नोंदी पुसा. शक्य असेल तर हे कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीत करा ताई, तेव्हा पेश्या कमी असतात.