स्टेपरला वेग हवाय? मग आधी व्होल्टेज बघा

सीएनसी राउटर (कंप्युटरच्या हुकमावर कापणारं, कोरणारं मशीन) हळू चालतोय म्हणून लगेच मोठी स्टेपर, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपनी) फिरणारी मोटर मागवू नका. नवीन माणूस हमखास इथेच फसतो. कॅटलॉगमधला टॉर्क (फिरवण्याचा जोर) मोटर जागेवर उभी असतानाचा असतो. वेग वाढला की तो घसरतो, कारण कॉइलचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) करंटला वेळेत चढूच देत नाही. करंट पटकन चढवायला व्होल्टेज लागतं.

म्हणून मोटरच्या डेटाशीटवर आधी मिलिहेन्री (इंडक्टन्सचं माप) शोधा. त्याचं वर्गमूळ गुणिले 32, ही व्होल्टेजची ढोबळ कमाल मर्यादा. नेमा 23 (मोटरचा एक प्रमाणित आकार) मोटर 2.5 मिलिहेन्रीची असेल तर साधारण 50 व्होल्ट. 12 व्होल्टवर ती रडणारच! लेबलवरच्या 3-4 व्होल्टला घाबरू नका. मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, करंट मर्यादेत ठेवतो.

बाकी सुरुवातीला एवढंच:

- डीएम542 ड्रायव्हरची मर्यादा 50 व्होल्ट. वेग उतरताना मोटर सप्लायकडे व्होल्टेज परत फेकते, म्हणून काठावर जाऊ नका. 36 व्होल्टचा सप्लाय घ्या.
- ड्रायव्हरवरचे करंटचे छोटे डिप स्विच मोटरच्या रेटिंगप्रमाणे लावा. मोटर हाताला गरम लागणारच.
- सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढायची नाही. काढलीत तर ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा.

मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे किती भाग करायचे ते) सध्या 8 वर राहू द्या. तरीही स्टेप चुकल्या तर खरेदीआधी अ‍ॅक्सिलरेशन निम्मं करून बघा.